आपल्या नावावर पकड वॉरंट आहे काय? शोध कसा घ्यावा, पुढे काय करावे

पोलीस ठाणे आणि कोर्ट या दोन शब्दांचा आपल्या वस्त्यांतील माणसाने पिढ्यान् पिढ्या धसका घेतलेला आहे. गावात पोलिसांची गाडी आली की ज्याचा काही संबंध नाही तोही घरात जाऊन बसतो. कोर्टाचा कागद आला की तो वाचण्याऐवजी देव्हाऱ्यामागे किंवा ट्रंकेत ठेवून देण्याकडे कल असतो. या भीतीपोटी पुष्कळांचे नुकसान होते. चार वर्षांपूर्वीच्या किरकोळ भांडणाची तारीख चुकते, त्यावर वॉरंट निघते, आणि ऐन लग्नाच्या हंगामात किंवा मुलाच्या नोकरीच्या पडताळणीच्या वेळी ते पुढे येते. वास्तविक आपल्यावर एखादा गुन्हा दाखल आहे काय, खटला कोठे चालू आहे आणि त्यात वॉरंट निघाले आहे काय, हे शोधून काढण्याचे सरळ मार्ग आहेत. त्यासाठी कोणाच्या ओळखीची अगर चिरीमिरीची गरज नाही. आपले सभासद व विद्यार्थी यांना ते माहीत असावेत, एवढ्याच हेतूने हे टिपण लिहीत आहे.

समन्स, वॉरंट आणि नोटीस यांतील फरक

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. समन्स म्हणजे अमुक तारखेस न्यायालयात हजर राहा असे बोलावणे. जामीनपात्र वॉरंट म्हणजे पोलिसांनी त्या इसमास पकडावे, परंतु वॉरंटवर लिहिलेल्या रकमेचा जामीन दिल्यास सोडून द्यावे, असा हुकूम. अजामीनपात्र वॉरंट, ज्याला आपल्याकडे ‘एन.बी.डब्ल्यू.’ किंवा नुसते ‘पकड वॉरंट’ म्हणतात, त्यात पोलिसांना परस्पर सोडण्याचा अधिकार नसतो. पकडून न्यायालयापुढेच उभे करावे लागते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वॉरंट अजामीनपात्र आहे याचा अर्थ मूळ गुन्हा अजामीनपात्र आहे असा होत नाही. साध्या जामीनपात्र गुन्ह्यातही आरोपी वारंवार गैरहजर राहिला तर असे वॉरंट निघू शकते.

चौथा कागद म्हणजे पोलिसांची हजर राहण्याची नोटीस. पूर्वीच्या फौजदारी संहितेत ती कलम ४१-अ खाली निघे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली निघते. ही न्यायालयाची नव्हे, तपासी अंमलदाराची नोटीस असते. तिला मान दिल्यास सर्वसाधारणपणे अटक टळते, धुडकावल्यास अटकेचे कारण होते.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या जुन्या फौजदारी संहितेच्या जागी ही नवी संहिता लागू झालेली आहे. त्या तारखेपूर्वीपासून चालू असलेली प्रकरणे मात्र जुन्या कायद्यानेच पुढे चालतात. म्हणून कोणाच्या कागदावर कलम ७० दिसेल, कोणाच्या कागदावर कलम ७२. दोन्हींचा विषय वॉरंटच आहे.

कायद्याप्रमाणे वॉरंट लेखी असले पाहिजे, त्यावर न्यायाधीशांची सही व न्यायालयाचा शिक्का असला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते आपोआप शिळे होत नाही. ज्या न्यायालयाने काढले ते न्यायालय रद्द करीपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहते. ‘आता पाच वर्षे झाली, विषय मिटला असेल’ या समजुतीला कायद्यात आधार नाही. वॉरंटची बजावणी भारतात कोठेही करता येते, म्हणून गाव सोडून गेल्यानेही ते सुटत नाही.

न कळता वॉरंट निघते कसे?

आपल्या भागात याची चार-पाच कारणे नेहमीची आहेत.

पहिले कारण पत्त्याचे. बोदवड-भुसावळकडील कितीतरी माणसे सुरत, पुणे, मुंबई येथे कामास जातात. गुन्हा किंवा तक्रार एका ठिकाणी, माणूस दुसऱ्या ठिकाणी, आणि समन्स तिसऱ्याच जुन्या पत्त्यावर. माणूस सापडला नाही तर समन्स घरातील प्रौढ व्यक्तीला देता येते. जुन्या कायद्यात ही व्यक्ती पुरुषच असावी लागे. नव्या कायद्यात ती अट गेली आहे. म्हणजे आई, पत्नी किंवा प्रौढ मुलगी यांच्या हाती दिलेले समन्सही आता बजावलेले धरले जाते. घरातील स्त्रियांना हे सांगून ठेवणे जरूर आहे. कागद घेतला तर त्याच दिवशी फोन करून कळवावे, आणि कागदाचा फोटो पाठवावा.

दुसरे कारण चेक न वटण्याचे. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला हा विषय रोजचाच. अनेक लोक कर्ज घेताना कोऱ्या चेकवर सह्या करून देतात व विसरून जातात. चेक परत गेल्याचे बँकेकडून समजल्यापासून तीस दिवसांत चेकधारकाने लेखी नोटीस द्यायची असते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास त्यापुढील एक महिन्यात तक्रार दाखल करता येते. हा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा खटला होय. २०१५ च्या दुरुस्तीनंतर असा खटला सर्वसाधारणपणे ज्याला चेक दिला त्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात चालतो. म्हणजे बोदवडच्या माणसाने पुण्यातील फायनान्स कंपनीला दिलेल्या चेकचा खटला पुण्यात उभा राहू शकतो. तो माणूस बोदवड कोर्टात चौकशी करून ‘माझ्यावर काही नाही’ म्हणून निर्धास्त होतो, आणि वॉरंट पुण्याहून निघते.

तिसरे कारण मोर्चे व आंदोलनांचे. आपल्या तरुणांवर रास्ता रोको, बंद, जमावबंदीचा भंग असे गुन्हे वेळोवेळी दाखल झाले. जानेवारी २०१८ मधील भीमा कोरेगावच्या घटनेनंतरच्या बंदमध्येही राज्यभर असे गुन्हे नोंदले गेले, आणि पुढे त्यांतील काही मागे घेण्याची घोषणा झाली. येथेच फसगत होते. शासनाने खटला मागे घेण्याचा निर्णय घेतला म्हणजे खटला संपला असे नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात तसा अर्ज द्यावा लागतो व न्यायालयाने त्यास संमती द्यावी लागते. तोपर्यंत खटला चालूच असतो, तारखा पडत असतात, आणि गैरहजर राहणाऱ्यावर वॉरंट निघू शकते. वर्तमानपत्रातील बातमी वाचून तारखेस जाणे बंद करू नये. खटला निकाली निघाल्याचा आदेश स्वतः पाहावा.

चौथे कारण म्हणजे आपसात मिटलेली भांडणे. गावात पंचांसमोर समेट झाला, हातात हात दिले, पण गुन्हा नोंदला गेला होता तो तसाच राहिला. घरातील समेट न्यायालयाच्या कागदावर येईपर्यंत खटला संपत नाही.

पाचवे कारण साक्षीदारांचे. साक्षीदार समन्स घेऊनही आला नाही तर त्याच्यावरही वॉरंट निघू शकते. ‘मी तर फक्त साक्षीदार आहे’ असे म्हणून चालत नाही.

नाव टाकले की वॉरंट दिसेल, अशी यादी आहे काय?

अमेरिकेत राहणारे आपले नातेवाईक सांगतात की तेथील काही परगण्यांत शेरीफच्या कार्यालयाची वॉरंटची यादी कोणालाही पाहता येते. आपल्याकडे तशी एकच सार्वजनिक यादी नाही. आपल्याकडील माहिती दोन ठिकाणी विभागलेली आहे. गुन्ह्याची नोंद पोलीस ठाण्यात आणि खटल्याची व वॉरंटची नोंद न्यायालयात. म्हणून शोधही दोन पायऱ्यांनी घ्यावा लागतो.

पहिली पायरी : पोलीस ठाणे आणि एफ.आय.आर.

प्रत्येक दखलपात्र गुन्ह्याला ‘गुन्हा रजिस्टर नंबर’ व वर्ष असते. उदाहरणार्थ, गु.र.नं. अमुक/२०१९. हा नंबर ही सर्व शोधाची किल्ली आहे. नंबर, वर्ष आणि पोलीस ठाण्याचे नाव, या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात.

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात असा आदेश दिला की एफ.आय.आर. नोंदल्यापासून चोवीस तासांत ती संकेतस्थळावर ठेवावी. अडचणीच्या ठिकाणी ही मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढते. लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे यातून वगळलेली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफ.आय.आर.’ या ठिकाणी जिल्हा जळगाव, मग पोलीस ठाणे व तारखेचा कालावधी निवडला की यादी पाहता येते.

त्याच आदेशात आणखी एक मोलाची सोय आहे. ज्याला आपले नाव एफ.आय.आर. मध्ये असल्याचा संशय आहे, तो स्वतः किंवा आपल्या माणसामार्फत पोलिसांकडे अर्ज व ठरलेली फी देऊन प्रत मागू शकतो, आणि ती चोवीस तासांत द्यावी असे न्यायालयाने म्हटले आहे. न्यायालयाकडे अर्ज केल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत प्रत मिळावी असेही त्यात आहे.

फिर्याद देणाऱ्याला तर एफ.आय.आर.ची प्रत मोफत मिळण्याचा हक्क आहेच. आपल्या समाजातील लोक पुष्कळ वेळा फिर्यादी म्हणूनही ठाण्यात जातात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे १९८९ च्या कायद्याखाली गुन्हा असेल तर २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ प्रमाणे पीडिताला न्यायालयातील प्रत्येक कार्यवाहीची, आरोपीच्या जामीन अर्जाचीसुद्धा, वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क आहे. तेव्हा नोंदी शोधण्याचे ज्ञान आरोपीइतकेच फिर्यादीलाही उपयोगी आहे.

घरातील कोणाला नेले असेल आणि कोठे नेले ते कळत नसेल तर काय करावे? नव्या संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात पोलीस नियंत्रण कक्ष असावा लागतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी अटक केलेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवण्यास जबाबदार असतो, आणि ही माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयी ठळकपणे लावावी लागते. म्हणून आधी स्थानिक ठाण्यात व मग जळगावच्या नियंत्रण कक्षात विचारावे. रेल्वेच्या हद्दीतील प्रकार असेल तर भुसावळच्या लोहमार्ग पोलिसांकडे विचारणा करावी. ते खाते जिल्हा पोलिसांपासून वेगळे आहे.

दुसरी पायरी : न्यायालयाची नोंद

वॉरंट न्यायालय काढते, म्हणून त्याचा खरा शोध न्यायालयाच्या नोंदीतच लागतो. यासाठी ‘ई-कोर्ट्स’ हे शासकीय संकेतस्थळ व त्याच नावाचे मोबाइल अ‍ॅप आहे. दोन्ही मोफत आहेत. पद्धत अशी :

१) ‘केस स्टेटस’ हा भाग उघडावा. राज्य महाराष्ट्र, जिल्हा जळगाव निवडावा. नंतर न्यायालय संकुल निवडावे. बोदवड, मुक्ताईनगर, भुसावळ, जळगाव अशी तालुकावार नावे येतात. आपल्या पोलीस ठाण्याचा खटला कोणत्या न्यायालयात जातो ते माहीत नसल्यास ठाण्यात विचारावे. गंभीर गुन्हे सत्र न्यायालयात जातात, म्हणून भुसावळ व जळगाव ही दोन्ही संकुले पाहावीत.

२) गु.र.नं. माहीत असेल तर ‘एफ.आय.आर. नंबर’ हा पर्याय घ्यावा. पोलीस ठाणे, नंबर व वर्ष भरले की दोषारोपपत्र दाखल झालेले असल्यास खटला समोर येतो.

३) नंबर माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधावे. यात वर्ष भरावे लागते, म्हणून एकेक वर्ष मागे जात पाहावे. नाव इंग्रजी लिपीत टाइप करावे लागते, आणि येथेच बहुतेकांचा शोध फसतो. एकाच आडनावाची दोन-तीन प्रकारे स्पेलिंग होतात. सगळी करून पाहावीत. काही वेळा फक्त आडनाव, काही वेळा फक्त पहिले नाव टाकून पाहावे. चालू व निकाली या दोन्ही प्रकारांत शोधावे.

४) चेकचे प्रकरण असेल तर ज्या शहरातील संस्थेला चेक दिला ते शहर निवडून हाच शोध घ्यावा. सुरतेस काम केले असेल तर राज्य गुजरात, बऱ्हाणपूरचा संबंध असेल तर राज्य मध्य प्रदेश निवडावे. मलकापूर जवळ असले तरी ते बुलढाणा जिल्ह्यात येते, हेही ध्यानात ठेवावे.

५) खटला सापडला की त्याचा सोळा अक्षर-अंकी ‘सी.एन.आर.’ नंबर उतरवून घ्यावा. पुढे केवळ हा नंबर टाकला की संपूर्ण माहिती मिळते.

आता या माहितीत वॉरंट ओळखायचे कसे? खटल्याच्या पानावर पुढील तारीख व ‘टप्पा’ दिलेला असतो. तेथे समन्स, जामीनपात्र वॉरंट किंवा अजामीनपात्र वॉरंट असा इंग्रजीतील उल्लेख असेल तर खटला आरोपी हजर होण्यासाठी थांबला आहे असे समजावे. मागील तारखा उघडल्या की त्या दिवशी न्यायालयात काय झाले त्याची थोडक्यात नोंद दिसते. एका खटल्यात अनेक आरोपी असतील तर वॉरंट कोणाविरुद्ध आहे ते नावानिशी पाहावे. उगाच घाबरू नये किंवा उगाच निर्धास्तही होऊ नये.

संगणकावर काही सापडले नाही म्हणजे काहीच नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. नाव चुकीचे टाइप झालेले असू शकते, जुनी नोंद अपुरी असू शकते, काही संवेदनशील प्रकरणे दाखवली जात नाहीत. म्हणून शंका असेल तर न्यायालयात प्रत्यक्ष चौकशी करावी. जेथे ई-सेवा केंद्र आहे तेथे खटल्याची स्थिती सांगितली जाते. वकिलामार्फत कागदपत्र पाहण्याचा अर्ज करता येतो. रोजनामा, आदेश यांची नक्कल कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केल्यावर मिळते. दोषारोपपत्राची प्रत तर आरोपीला मोफतच द्यावी लागते. नव्या कायद्याने त्यासाठी आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांची मुदत घातली आहे.

माहिती अधिकाराचा उपयोगही करता येतो. दहा रुपयांचा अर्ज, साधारण तीस दिवसांची मुदत, आणि व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असेल तर अठ्ठेचाळीस तास. तपासात अडथळा येईल अशी माहिती मात्र पोलीस नाकारू शकतात. न्यायालयातील कागदाची नक्कल ही न्यायालयाच्या नियमांनीच मागावी, माहिती अधिकाराने नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा त्या वाटेने वेळ घालवू नये.

वॉरंटची नोंदवही : एक महत्त्वाचा निकाल

वॉरंट रद्द झाल्यावरही माणसाला अटक होऊ शकते काय? झालेली आहे, आणि तीही मुंबईतील एका वकिलांना. त्यांच्याविरुद्धचे वॉरंट न्यायालयाने १२ ऑगस्ट २००२ रोजी रद्द केले होते, तरी तीन दिवसांनी, स्वातंत्र्यदिनी, कुलाबा भागात त्यांना त्याच वॉरंटवर अटक करण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रघुवंश देवानचंद भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, सप्टेंबर २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून दोन हजार रुपये भरपाई द्यावी हा उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. रक्कम लहान असली तरी त्याबरोबर दिलेल्या सूचना मोठ्या आहेत. त्यांचा सारांश असा :

प्रत्येक न्यायालयाने वॉरंटची नोंदवही ठेवावी. तीत नोंद झाल्याशिवाय एकही वॉरंट निघू नये. नोंदीचा अनुक्रमांक वॉरंटच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात असावा. खटल्याचा पूर्ण तपशील, न्यायाधीशांची वाचता येईल अशी सही व न्यायालयाचा स्पष्ट शिक्का असावा. तशीच नोंदवही पोलीस ठाण्यातही असावी आणि बजावणी कोणत्या अधिकाऱ्याकडे दिली ते तीत लिहावे. वॉरंट रद्द झाल्यास त्याची नोंद दोन्हीकडे व्हावी, पोलिसांकडून वॉरंट परत मागवावे, आणि रद्द केल्याच्या आदेशाची प्रत आरोपीलाही द्यावी.

म्हणजे ठाण्यात किंवा न्यायालयात ‘नोंदवहीत पाहून सांगा’ असे नम्रपणे म्हणणे ही काही मेहेरबानीची मागणी नव्हे. ती वही असावी असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे.

वॉरंट असल्याचे कळल्यावर काय करावे?

पळून जाऊ नये. फरार राहिल्यास न्यायालय जाहीरनामा काढते, त्यात हजर होण्यास किमान तीस दिवस देते, आणि नंतर मालमत्तेवर जप्तीही येऊ शकते. त्याऐवजी वकिलाला घेऊन आपण होऊन त्या न्यायालयात जावे व वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. गैरहजेरीचे खरे कारण लिहावे. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, परगावी कामास असेल तर तेथील पुरावा, समन्स मिळालेच नसेल तर तसे स्पष्टपणे नमूद करावे. आधारकार्ड, रेशनकार्ड व जामीनदाराचे कागद सोबत ठेवावेत. न्यायालय दंड किंवा खर्च भरण्यास सांगून, नवा बंधपत्र घेऊन वॉरंट रद्द करू शकते. मूळ गुन्हा गंभीर असेल तर मात्र न्यायालय कोठडीतही पाठवू शकते. म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्यावाच. २००७ साली इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की तक्रारीच्या खटल्यांत आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि शेवटी अजामीनपात्र वॉरंट हा क्रम साधारणपणे असावा. थेट कडक वॉरंट निघाले असेल तर वकील हा मुद्दा मांडू शकतात.

वॉरंट रद्द झाले की काम संपले असे समजू नये. आदेशाची नक्कल घ्यावी, एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ती काही काळ जवळ बाळगावी. वर सांगितलेल्या मुंबईच्या प्रकरणाचा धडा हाच आहे.

पोलीस वॉरंट घेऊन आलेच तर शांतपणे ते दाखवण्याची विनंती करावी. त्यातील मजकूर सांगणे व मागितल्यास वॉरंट दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नाव, वडिलांचे नाव, वय, गाव ताडून पाहावे. एकाच नावाची दोन माणसे एका गावात असणे आपल्याकडे नवे नाही. हुज्जत, धक्काबुक्की करू नये, त्याने दुसराच गुन्हा उभा राहतो. अटकेची खबर नातेवाइकाला दिली गेली पाहिजे, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही असली पाहिजे, आणि अपवाद वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही.

या हक्कांचा उगम आपल्या राज्यघटनेत आहे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत १५-अ हे नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२ होय. अटकेचे कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाण्याचा हक्क त्यात आहे.

फोनवरचे वॉरंट

गेल्या काही वर्षांत नवा प्रकार आला आहे. फोनवर किंवा व्हिडिओवर पोलिसी गणवेशातील माणूस दिसतो, ‘तुमच्या नावे वॉरंट आहे, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीबाहेर जाऊ नका, पैसे या खात्यात भरा’ असे सांगतो. वृद्ध खातेदार घाईघाईने मुदतठेव मोडायला बँकेत येतात. कारण विचारले तर सांगत नाहीत, कारण ‘कोणाला सांगू नका’ असा त्यांना दम दिलेला असतो. पक्के लक्षात ठेवावे की डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. नव्या कायद्याने समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवता येते हे खरे, पण पैसे भरून फोनवर कोणतेही वॉरंट रद्द होत नाही. असा फोन आल्यास बंद करावा, खटल्याचा सी.एन.आर. नंबर ई-कोर्ट्सवर पाहावा, आणि पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

विद्यार्थ्यांसाठी

सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात ‘आपणावर गुन्हा दाखल झाला आहे काय’ असा प्रश्न असतो. खटला किरकोळ आहे, सुटका झाली आहे, म्हणून ‘नाही’ लिहिणे धोक्याचे आहे. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खरी माहिती देण्यावर भर दिला. त्याचबरोबर तरुणपणीच्या किरकोळ प्रकरणांत नियोक्त्याने तारतम्याने विचार करावा असेही म्हटले. म्हणजे खरे लिहिणाऱ्याला बाजू मांडण्याची संधी राहते, लपवणाऱ्याची ती बव्हंशी जाते. फॉर्म भरण्यापूर्वी ई-कोर्ट्सवर शोध घ्यावा, निकालाची नक्कल काढून फाइलला लावावी. पासपोर्टसाठीही न्यायालयाचे वॉरंट अगर समन्स हे नकाराचे कारण होऊ शकते. अठरा वर्षांखालील असताना काही घडले असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे सर्वसाधारणपणे त्याची अपात्रता लागत नाही. त्याबाबत वकिलाला विचारावे.

वकिलाला पैसे नसतील तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० पासून अनुसूचित जातीच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला असल्याने जातीचे प्रमाणपत्र असलेल्या आपल्या बांधवांना हा लाभ निश्चित मिळतो. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० हा मदत क्रमांकही आहे.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या संस्थेच्या वाचनालयात दर महिन्याच्या एका रविवारी दोन-तीन पदवीधर विद्यार्थ्यांनी मोबाइल घेऊन बसावे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा वडीलधाऱ्यांच्या खटल्याचा शोध घ्यावा, पुढची तारीख मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यावी. ज्याची माहिती काढली ती चारचौघांत बोलू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे. तारीख माहीत असलेल्या माणसावर गैरहजेरीचे वॉरंट सहसा निघत नाही. एका रविवारच्या दोन तासांत कोणाची तरी एक रात्र कोठडीत जाण्यापासून वाचली, तर ते काम लहान नाही.